आकडे चोरले की उघडेच राहिले?

नमस्कार श्रोतेहो. द्राक्षातल्या औषध-अवशेषांचे अहवाल, कांद्याच्या वाणांच्या चाचण्या, वैद्यकीय संशोधनातली रुग्णांची माहिती, असं बरंच काही नाशिकमध्ये आता सर्व्हरवर असतं. ते फुटलं की लगेच ऐकू येतं, "सर्व्हर हॅक झाला." लॉग, म्हणजे सर्व्हरने कुणी कधी काय मागितलं याची आपोआप ठेवलेली नोंदवही, पाहिल्याशिवाय हे वाक्य कुणी उच्चारू नये, असं माझं ठाम मत आहे. "आतल्यानेच फोडलं, नाहीतर उघडंच ठेवलं होतं" हा उलट आरोपही तितक्याच घाईने होतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन विभागातल्या हजारावर ईमेल बाहेर आल्या. गठ्ठ्याचं नाव 'एफओआयए', म्हणजे तिथल्या माहिती अधिकार कायद्याची आद्याक्षरं. त्यावरून अनेकांनी ठरवून टाकलं की हे आतल्याच माणसाचं काम, नाहीतर गठ्ठा चुकून उघड्यावर राहिला. नॉरफोक पोलिसांनी जुलै २०१२ मध्ये तपास थांबवला तेव्हा निष्कर्ष वेगळा निघाला: हल्ला इंटरनेटवरून, बाहेरून, नीट आखून केलेला, विद्यापीठातल्या कुणाचा हात असल्याचा पुरावा नाही. चोर मात्र सापडला नाही.

मग ओळखायचं कसं? वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक मागणीपुढे एक आकडा असतो. २०० म्हणजे मागितलेलं दिलं, ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा, ४०३ म्हणजे मनाई. लॉगिनची कसलीही नोंद नसताना, पहिल्याच मागणीला २०० आणि फाइल गेली, त्याआधी गुगलचा बॉट, म्हणजे शोधासाठी पानं आपोआप चाळणारा प्रोग्रॅमही तिथे येऊन गेलेला, तर फोल्डर उघडंच होतं. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच जोडणीवरून, ४०१ ची रांग आणि शेवटी २००, तर कुणीतरी पासवर्ड चाचपडत होतं. इथे एक फसगत होते. बऱ्याच संकेतस्थळांवर चुकीचा पासवर्ड दिला तरी लॉगिनचं पान पुन्हा दिसतं आणि त्याचीही नोंद २०० अशीच होते. म्हणून शेजारचा बाइटचा आकडा पाहा: ४० एमबीची फाइल आणि लॉगमध्ये ३ केबी, तर फाइल गेलेली नाही. चोरलेल्या पासवर्डाने कुणी शिरलं तर लॉगमध्ये सगळं सरळच दिसतं. तिथे त्या खातेदाराला विचारावं लागतं की त्या वेळी तो कुठे होता. त्यासाठी वेळ अचूक हवी. अनेक क्लाउड सेवांचे लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यातले रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे अडीच, तारीखही पुढची.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या तासात होतं. फोल्डर उघडं दिसलं की माणूस घाबरून आधी परवानगी बदलतो. लिनक्स या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीमध्ये फाइलच्या मजकुरात किंवा परवानगीत शेवटचा बदल कधी झाला ती वेळ नोंदलेली असते. तुमच्या दुरुस्तीने तीच पुसली जाते, आणि फोल्डर कधीपासून उघडं होतं याचा धागा तुटतो. आधी नेटवर्कची केबल काढा. यंत्र बंद करू नका, रीस्टार्टही नको. परवानग्यांची यादी आणि लॉग वेगळ्या डिस्कवर घ्या, प्रत्येक प्रतीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा ठसा, कागदावर लिहा, आणि मगच दुरुस्तीला हात लावा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस राखायचे असतात. कित्येक सर्व्हरवर मात्र ४ आठवड्यांनी जुने लॉग आपोआप पुसले जातात. तुमच्या संस्थेच्या सर्व्हरवर ही मुदत किती ठेवली आहे, ते आजच विचारून घ्या.