नॉर्डलिंगन : विवराच्या कुशीतले नगर

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, त्याच्या पश्चिम सीमेलगत, नॉर्डलिंगन हे सुमारे २०,००० लोकवस्तीचे नगर आहे. नगराच्या मध्यभागी संत जॉर्ज यांचे चर्च असून त्याच्या सुमारे ९० मीटर उंच मनोऱ्याला येथील लोक लाडाने ‘डॅनियल’ म्हणतात. ३५० पायऱ्या चढून वर आले, की लाल कौलांची दाटी, तिच्याभोवतीचा जवळजवळ वर्तुळाकार तट आणि तटापलीकडची सपाट शेते दिसतात. त्याहून दूर पाहिले, तर या मैदानाला टेकड्यांनी सगळीकडून वेढल्याचे लक्षात येते. या टेकड्या म्हणजे सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या रीस विवराची कड होय.

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी येथे एक लघुग्रह आदळला. त्यातून झालेल्या विवरात तळे साचले आणि ते गाळाने भरत जाऊन आजचे मैदान तयार झाले. हा प्रदेश ज्वालामुखीने घडवला, असाच अनेक अभ्यासकांचा दीर्घकाळ समज होता, कारण येथील सुएव्हाइट हा करडा दगड ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकासारखा दिसतो. १९६० मध्ये युजीन शूमेकर या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी ओटिंग गावाजवळच्या खाणीतून त्याचे नमुने घेतले आणि एडवर्ड चाओ यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात त्यांत कोएसाइट हे खनिज सापडले. गारगोटीतील सिलिकावर प्रचंड दाब पडला, तरच कोएसाइट तयार होते, आणि भूपृष्ठावर तेवढा दाब ज्वालामुखीमुळे निर्माण होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील आपले लोणारही पुष्कळ वर्षे ज्वालामुखीचेच मानले जात होते, म्हणून मराठी माणसाला हा शोध विशेष जवळचा वाटावा.

आता चर्चच्या भिंतीजवळ जाऊ. करड्या दगडात काळपट काचेचे वेडेवाकडे तुकडे रुतलेले दिसतात. आघाताच्या उष्णतेने वितळलेला खडक झपाट्याने थंड होऊन ही काच झाली. खडकातील ग्रॅफाइटचे त्याच क्षणी हिरे झाले, मात्र ते इतके सूक्ष्म आहेत, की साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत. १४२७ ते १५०५ या काळात हे चर्च बांधणाऱ्या पाथरवटांना यातले काहीच ठाऊक नव्हते. जवळपास मिळणारा आणि घडवायला सोपा दगड त्यांनी वापरला, एवढेच. हा दगड हवापाण्याने झिजतो, त्यामुळे चर्चची डागडुजी वारंवार करावी लागते.

१२१५ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्याकडून नॉर्डलिंगनला थेट सम्राटाच्या अखत्यारीतील नगराचा दर्जा मिळाला. १२१९ पासून उल्लेख सापडणाऱ्या येथील जत्रेने दूरदूरच्या व्यापाऱ्यांना आकर्षित केले. वस्ती जुन्या कोटाबाहेर वाढल्यामुळे १३२७ पासून नवा तट उभारण्यात आला. सुमारे २.७ किलोमीटरचा हा तट पाच वेशींसह आजही अखंड असून त्यावरून संपूर्ण नगराला फेरी मारता येते. तट इतका शाबूत राहण्यामागे मात्र दुःखद कारण आहे. तीस वर्षांच्या युद्धात, सप्टेंबर १६३४ मध्ये, नगराजवळ मोठी लढाई झाली आणि तीत स्वीडिश व जर्मन प्रोटेस्टंट सैन्याचा पराभव झाला. वेढा, उपासमार आणि रोगराई यांनी खचलेल्या नॉर्डलिंगनचा व्यापार पूर्वपदावर आला नाही. तट पाडून विस्तार करण्याची गरजच पुढे कित्येक पिढ्या भासली नाही.

तटावरून खाली उतरल्यावर चर्मकारांच्या जुन्या वस्तीत अवश्य जावे. एगर नदीच्या पाण्याजवळ वसलेल्या या उंच घरांच्या माळ्यांवर कातडी वाळवण्यासाठी मोकळे सज्जे ठेवलेले आहेत. याच वस्तीतील १५०३ मधल्या एका कोठारात १९९० पासून रीस विवराचे संग्रहालय आहे. अपोलो १४ मोहिमेचे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल १९७० मध्ये आघातातून बनलेले खडक ओळखायला शिकण्यासाठी रीसमध्ये आले होते. पुढे अपोलो १६ मोहिमेने आणलेला चंद्रावरचा एक दगड या संग्रहालयात ठेवण्यात आला. रीसच्या खडकांसोबत तो पाहता येतो.