लाथ बसलेला टीव्ही

पडद्यावरची ही चौकट बघा. १९५५चा हॉलिवूडपट, 'ऑल दॅट हेवन अलाउज'. विधवा आईचा जीव जडलाय तो वयानं लहान असलेल्या माळ्यावर. मुलांनी हट्ट धरून ते नातं मोडायला लावलं आणि नाताळला तिच्यासाठी टीव्ही मागवला. विक्रेता म्हणतो, बटण फिरवा, हवी तेवढी सोबत घरात हजर! टीव्ही अजून बंदच आहे. काळ्या काचेत दिसतो तो आईचा स्वतःचाच चेहरा.

'बायकांचे रडके सिनेमे' म्हणून समीक्षकांनी तेव्हा असल्या चित्रपटांकडे पाठ फिरवली. पण ही चौकट लावणारा दिग्दर्शक डग्लस सर्क मूळचा हॅम्बुर्गचा, हान्स डेटलेफ झीर्क. नाझी राजवटीतही ऊफा स्टुडिओत त्याचं उत्तम चाललं होतं. पण दुसरी पत्नी ज्यू. १९३७ साली त्यानं देश सोडला. पहिल्या लग्नाचा मुलगा जर्मनीतच राहिला आणि पुढे युद्धात मारला गेला.

१९६२. पश्चिम जर्मनीतल्या ओबरहाउझेनमध्ये २६ चित्रपटकर्मींनी जुना जर्मन सिनेमा मेल्याचं जाहीर करून टाकलं. नवा सिनेमा आला. हुशार होता, पण सर्वसामान्य प्रेक्षक काही त्याच्याकडे फिरकेना. तरुण जर्मन दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडरचे सुरुवातीचे चित्रपटही असेच, थंड आणि कोरडे. मग त्यानं सर्कचे चित्रपट पाहिले. १९७१ मध्ये सर्कच्या सहा चित्रपटांवर लेख लिहिला, स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला जाऊन म्हाताऱ्याची भेटही घेतली. प्रेक्षकाला रडवता रडवता समाजाचं सालपट काढता येतं, हे त्याला तिथे गवसलं.

फासबिंडरचा १९७४चा 'अली: फिअर ईट्स द सोल'. म्युनिकमधली एमी, साठीची सफाई कामगार. अली, मोरोक्कोतून आलेला मेकॅनिक, तिच्याहून कितीतरी लहान. दोघं लग्न करतात आणि जेवायला जातात कुठे, तर एकेकाळी हिटलर जिथे जेवायचा त्या हॉटेलात! एमी हे अगदी कौतुकानं सांगते.

मग ती मुलांना घरी बोलावून नवरा दाखवते. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो. कोणी बोलत नाही. ब्रूनो उठतो आणि आईच्या टीव्हीला लाथा घालतो. काच फुटते. सर्कच्या चित्रपटातल्या मुलांनी आईला टीव्ही दिला होता. इथे तो फोडलाच.

मला विचाराल तर लाथांपेक्षा पुढचा भाग जास्त बोचतो. सगळे परत येतात. वाण्याला गिऱ्हाईक हवंय, शेजारणीला तळघरात सामान ठेवायला जागा. ब्रूनोला मूल सांभाळायला आई हवीय, म्हणून टीव्हीच्या भरपाईचा चेकही येतो. द्वेष ओसरलेला नाही, फक्त गरज पडलीय. आणि नेमकं याच सुमारास एमी आपल्या मैत्रिणींपुढे अलीचे दंड दाबून दाखवायला लागते.

शेवट दोन्हीकडे आजारी पुरुषाच्या उशाशी बसलेल्या बाईवर होतो. सर्कचा नायक तिथे डोळे उघडतो. अलीला मात्र पोटात अल्सर झालाय. डॉक्टर एमीला सांगतात, परदेशी कामगारांत हे नेहमीचंच. बरा होईल आणि सहा महिन्यांत पुन्हा इथेच येईल.