रूप आम्हालाही हवं असतं

"तुम्हाला काय, रूपाचा प्रश्नच नाही! तुम्ही थेट मन बघता." हे मला बँकेत, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे ऐकायला मिळतं. मंडळी, हा समज मला आज मोडीत काढायचाय. मी जन्मापासून अंध आहे आणि मला देखणीच बायको हवी होती. हसलात, बरं झालं, सभागृह जागं आहे! पण देखणी कोण, हे ठरवायचा हक्क मला माझ्याकडे हवा होता.

नाशिकला एका घरी आमचे कांदेपोहे झाले. मामी माझ्या कानाशी सारखी, "गव्हाळ आहे रे, पण नाकीडोळी नीटस." मामीचा माझ्यावर जीव, तिला दोष नाही. पण मुलीचा आवाजच ऐकू येईना! शिक्षण विचारलं, उत्तर काकांचं. आवडीनिवडी विचारल्या, पुन्हा काका. त्या काकांचा आवाज मला अजून पाठ आहे. शेवटी बश्या उचलताना ती म्हणाली, "लिंबू जास्त झालं का हो?" खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत आवाज आणि वाक्याच्या शेवटी दाबलेलं हसू. मी तिथेच गारद झालो. कुणाला आवाज आवडतो, कुणाला हाताची पकड, कुणाला केसांतल्या तेलाचा वास. यात मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही, ही सरळ ओढ आहे. किरट्या आवाजाची गुणी मुलगी मीही मनातल्या मनात नाकारलेली आहे.

तर त्या स्थळाला आमच्याकडून नकार गेला. मला न विचारता. कारण काय, तर रंग! ज्याने जन्मात रंग पाहिला नाही, त्याच्यासाठी रंगावरून मुलगी नाकारली. याचा मला आजही संताप येतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच, भरभर सांगतो. २०१० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मांध पुरुषांना स्त्रीदेहाचे पुतळे हातांनी चाचपायला दिले होते. त्यांनीही बारीक कमरेचाच बांधा पसंत केला. डोळसांचा कल मात्र त्याकडे अधिक जोरात होता. म्हणजे आवड न पाहताही तयार होते, पाहण्याने ती पक्की होते. आणि आमच्या आवडीत भोवतालच्यांचे डोळे शिरतात ते वेगळंच. "बायको गोरी आहे हं तुझी" हे ऐकून अंध नवऱ्याचीही छाती फुगते, मी पाहिलंय.

डेटिंग अॅपवर तर सगळा कारभार फोटोंचा. फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बऱ्याचदा नुसतं 'इमेज' म्हणतो आणि गप्प बसतो. अंध मुलींचं याहून कठीण, कारण अंध मुलाच्या घरीही सून डोळसच हवी असते.

इथे विवाह मंडळं चालवणारे काही जण आहेत. त्यांनी फोटोसोबत मिनिटभराचं ध्वनिमुद्रणही मागवावं. आणि आमच्यासारखे भेटायला आले, की काका-मामींना चहा आतल्या खोलीत द्यावा.