प्रश्न शोधणारे विद्यार्थी

(दृश्य: ग्रंथालय. टेबलावर दोन जाड पुस्तकं उघडी.)

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो पदवीच्या पहिल्याच वर्षी. शाळेत सनावळी पाठ असली की काम भागायचं. इथे फ्रेंच राज्यक्रांतीवर दोन पुस्तकं हाती येतात. एक पावाच्या महागाईकडे बोट दाखवतं, तर दुसरं तत्त्वज्ञांच्या विचारांकडे. मग खरं कोणाचं?

पदवीची वर्षं या गोंधळाला सरावण्यातच जातात. सोबत एक सवय लागते. मजकुरावर विश्वास ठेवण्याआधी कागदाची उलटतपासणी करायची.

(दृश्य: जुन्या हस्तलिखिताचं पान.)

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडची सत्ता पोपला बहाल केली, असं सांगणारं एक दानपत्र युरोपात शतकानुशतकं प्रमाण मानलं जाई. १४४० साली इटालियन विद्वान लोरेन्झो वल्ला यांनी त्यातली लॅटिन भाषा तपासली. चौथ्या शतकातल्या रोमन कागदात 'सत्रप', म्हणजे इराणी सुभेदार, कुठून आले? भाषा त्या काळाची नव्हतीच. दस्तऐवज बनावट होता.

एम.ए.ला विषय कमी होतात, वाचन मात्र दुप्पट. आता इतिहासकारांचाच इतिहास अभ्यासाला येतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये जर्मन इतिहासकार रांके मूळ साधनं समोर ठेवून विद्यार्थ्यांना शिकवत. १९२९ साली मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र या फ्रेंच इतिहासकारांनी 'आनाल' हे नियतकालिक काढलं आणि शेती, बाजार, लोकांची मनोवृत्ती हेही इतिहासाचे विषय झाले. राजेलोकांना थोडी विश्रांती मिळाली म्हणायची!

आणि इथेच मेनोकिओ भेटतो. सोळाव्या शतकातला इटलीतला हा गिरणीवाला. धर्मविरोधी बोलतो म्हणून त्याच्यावर दोनदा खटला चालला आणि शेवटी त्याला देहदंड झाला. त्याचे विचार आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः चर्चच्या न्यायासनाच्या दप्तरातून. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांनी आरोप करणाऱ्यांच्याच कागदांतून आरोपीचं जग उभं केलं. विरोधकाच्या लेखणीतून एखाद्याचा आवाज ऐकायचा, हे कौशल्य अवघड. माझ्या मते एम.ए.ची खरी कमाई हीच.

(दृश्य: अभिलेखागार. दोरीने बांधलेली दप्तरं.)

पीएच.डी.ला मात्र सगळं उलटं होतं. उत्तरं पुष्कळ वाचून झालेली असतात, आता प्रश्न स्वतः शोधायचा असतो. मार्गदर्शकाकडे नेलेला पहिला विषय बहुधा दहा जन्म पुरेल एवढा मोठा असतो. मग कात्री लागते. शतकाचं दशक होतं, देशाचं एखादं बंदर, बंदराच्या जकातीचे हिशेब. ते हिशेब ज्या लिपीत आहेत ती येत नसेल, तर आधी लिपी शिका. मोडी असो की शिकस्ता, म्हणजे घसटत्या वळणाची, फारसी, त्यातून सुटका नाही.

अभिलेखागारात शाईचं पेन बहुधा बाहेरच ठेवावं लागतं, आत चालते फक्त पेन्सिल. दिवसभर दप्तरं चाळून कधी एक ओळ हाती लागते, कधी तीही नाही. जकात भरणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव सापडतं. त्याचं ओझं वाहणाऱ्या हमालाचं सापडत नाही. ही गाळलेली जागा कल्पनेने भरता येत नाही आणि तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. प्रबंधातली सगळ्यात कष्टाची पानं बहुतेकदा अशा जागांभोवतीच लिहिली जातात.

शेवटी मौखिक परीक्षा. परीक्षक विचारतात, "अभ्यास नेमका याच सालापाशी का थांबवलात?" उमेदवाराकडे कधी भक्कम कारण असतं. कधी एवढंच असतं, की त्यापुढची सरकारी दप्तरं अजून खुली झालेली नाहीत.