२-२२ नंतरचं वेळापत्रक

[दृश्य: एम्स, आयोवा. हिल्टन कोलिझियमचा रिकामा कोर्ट, एक-एक दिवा लागतोय.]

२०२०-२१ च्या हंगामात अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २४ सामने खेळला आणि २ जिंकला. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समधले, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांविरुद्धचे, अठराच्या अठरा हरला. प्रशिक्षक बदलले, टी. जे. ऑट्झेलबर्गर आले. पेन स्टेट सोडून इझाया ब्रॉकिंग्टन आला, मिनेसोटाहून गेब कॅल्शर आला, आणि पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, म्हणून पहिल्या वर्षाचा टायरीस हंटर. थोडक्यात, एकमेकांसोबत कधीच न खेळलेली मुलं.

आता या मुलांना नोव्हेंबर-डिसेंबरात कुणासमोर उभं करायचं?

हंगामात साधारण ३१ सामने. त्यातले १८ ते २० कॉन्फरन्स ठरवून देते, तिथे प्रशिक्षकाचं काही चालत नाही. उरलेले अकरा-तेरा मात्र विद्यापीठ स्वतः जमवतं. प्रतिस्पर्धी, तारीख, कोर्ट, पैसे, सगळं.

[दृश्य: पांढरा फळा. तेरा रिकामे चौकोन.]

यातले निम्मे चौकोन ‘बाय गेम’ने भरतात. मोठं विद्यापीठ छोट्या विद्यापीठाला पैसे मोजून आपल्या घरी बोलावतं. परतीचा सामना नसतो. पाहुण्यांनी यायचं, खेळायचं, बहुधा हरायचं आणि धनादेश घेऊन जायचं. रक्कम लाख डॉलरच्या आसपास. ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. १२ नोव्हेंबर २०१९ ला केंटकीने ९०,००० डॉलर देऊन एव्हान्सव्हिलला बोलावलं. केंटकी तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. एव्हान्सव्हिलने त्यांना त्यांच्याच घरात ६७-६४ असं हरवलं, आणि धनादेशही नेला. पुढे तोच एव्हान्सव्हिल आपल्या कॉन्फरन्समधले सगळे १८ सामने हरला.

मग सगळे चौकोन दुबळ्या संघांनीच भरले तर? विजयांचा आकडा फुगतो, प्रेक्षक खूश, मुलांचा हुरूप वाढतो. पण मार्चमधल्या ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड करणारी समिती नुसते विजय मोजत नाही. तिच्यासमोर प्रत्येक संघाचा एक तक्ता असतो, चार रकान्यांचा. ‘नेट’ या क्रमवारीवरून हे रकाने पडतात, आणि सामना कुठे झाला यावर रकाना बदलतो. पहिल्या रकान्यात बसायला घरी पहिल्या ३० मधला संघ लागतो, तटस्थ कोर्टावर पहिल्या ५० मधला चालतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन खेळलात तर पहिल्या ७५ मधला. म्हणजे सत्तराव्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवलं तर विजय दुसऱ्या रकान्यात जातो, त्यांच्या घरी हरवलं तर पहिल्यात. संघ तोच, गुण तेच, फक्त बसचा प्रवास जास्त.

२०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट २२ सामने जिंकूनही घरी बसला. नेटमध्ये ते तेहतिसावे होते. पण कॉन्फरन्सबाहेरच्या वेळापत्रकाच्या काठिण्यात देशातल्या ३५३ संघांमध्ये ३५३वे, म्हणजे सगळ्यात सोपं वेळापत्रक त्यांचं.

दुसरं टोकही वाईटच. २००८ मध्ये टॉम क्रीन इंडियाना विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा जुन्या संघातले फक्त दोन खेळाडू उरले होते, दोघेही मूळचे शिष्यवृत्तीविना संघात आलेले. नोव्हेंबरात हा संघ हवाईतल्या माउईच्या स्पर्धेत उतरला, पहिल्याच सामन्यात नोटर डेमकडून मोठ्या फरकाने हरला. पुढे घरच्या कोर्टावर नॉर्थईस्टर्न आणि लिप्सकोम्बनेही हरवलं. हंगाम ६-२५. अशा स्पर्धांची ठिकाणं बरीच आधी ठरतात, तेव्हा पुढच्या वर्षी आपला संघ कसा असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. वेळापत्रक एका संघासाठी आखलं जातं आणि खेळावं लागतं दुसऱ्यालाच.

[दृश्य: तेच चौकोन, आता भरलेले.]

म्हणून किती कठीण, यापेक्षा कोणता सामना कितवा, हा प्रश्न जास्त कामाचा. आयोवा स्टेटचा २०२१ चा क्रम बघा. पहिले चार सामने घरी: केनेसॉ स्टेट, ओरेगॉन स्टेट, अलाबामा स्टेट, ग्रॅम्ब्लिंग. पंधरा दिवसांत बचावाची सवय लागली, कोण कुणाला चेंडू देतो हे कळलं. मग ब्रुकलिनमध्ये तटस्थ कोर्टावर दोन सामने, मध्ये एक दिवस विश्रांती. झेवियरला ८२-७० ने हरवलं, मेम्फिसला ७८-५९ ने. परत येऊन घरी एक हलका सामना, मग ओमाहाला क्रेटनच्या घरी ६४-५८ असा विजय. मग शेजारच्या आयोवा विद्यापीठावर वीस गुणांनी विजय.

त्यानंतर तीन दिवसांनी जॅक्सन स्टेट. आमच्या मते हाच सामना जपून बघावा. घरच्या कोर्टावर, सोप्या म्हटलेल्या संघाविरुद्ध, आयोवा स्टेटचे पूर्ण ४० मिनिटांत गुण झाले ४७. जिंकले, कारण समोरच्यांचे ३७च झाले. मोठ्या विजयानंतर पाय जड होतात, आणि डिसेंबरात परीक्षाही असतात. या चौकोनात एखादा अनुभवी, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांचा मध्यम संघ बसवला असता, तर पराभव ठरलेला होता. आणि तो चौथ्या नाही तरी तिसऱ्या रकान्यात मार्चपर्यंत दिसत राहिला असता.

जानेवारीत मिसूरीलाही हरवून कॉन्फरन्सबाहेर १३ पैकी १३ झाले. कॉन्फरन्समध्ये मात्र ७-११. शेवटी बिग ट्वेल्व्ह स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात टेक्सास टेककडून ४१-७२ असा पराभव. एवढ्यावर संघ सहसा निवडला जात नाही. पण तक्त्यात ब्रुकलिन होतं, ओमाहा होतं. निवड झाली, अकरावं मानांकन मिळालं.

[दृश्य: मिलवॉकी. प्रेक्षागृह लाल.]

पहिल्या फेरीत एलएसयू (लुइझियाना स्टेट) वर ५९-५४ ने विजय. त्यात हंटरचे २३ गुण, सात थ्री-पॉइंटर, म्हणजे दुरून टाकलेले तीन-तीन गुणांचे बास्केट. तो तिथून जवळच्याच रसीनचा. दुसऱ्या फेरीत विस्कॉन्सिन, आणि तेही विस्कॉन्सिन राज्यातच. कागदावर कोर्ट तटस्थ. निकाल ५४-४९, आयोवा स्टेटच्या बाजूने.