तीस तासांत वाचन कुठे बसवायचं?

नमस्कार मंडळी, चहा झाला का? नसेल तर कप घेऊनच बसा, आज विषय अमेरिकेतल्या प्रौढ साक्षरता वर्गांचा आहे. हो हो, तिथेही असे वर्ग लागतात. 1992 मध्ये तिकडे मोठा सर्व्हे झाला, त्यात निघालं की साधारण 4 कोटी मोठी माणसं वाचनाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत, म्हणजे बऱ्याच जणांना सही जमते, पण जरा किचकट फॉर्म समोर आला की गाडी अडते.

या वर्गांत सरकारी मदतीवर घर चालवणाऱ्या एकट्या आया पण असायच्या. ही मदत 1935 पासूनची. 22 ऑगस्ट 1996 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि सगळं फिरलं, केंद्राच्या पैशातून मदत आयुष्यात एकूण 60 महिने, आणि तेवढ्यातही आठवड्याचे तास भरून दाखवायचे. 2000 पासून एकट्या आईला 30 तास, मूल सहाच्या आतलं असेल तर 20. आता यात गंमत बघा, म्हणजे गंमत कसली म्हणा, पहिले 20 तास काम किंवा कामाच्या जवळचं काहीतरी पाहिजे, साक्षरता वर्गाचे तास धरायचे ते त्याच्या वरचे. म्हणजे 30 वालीला 10 तास मिळाले, आणि लहान बाळ असलेलीचे मुळात तासच 20, मग तिचा वर्ग हिशोबात शून्य! विशीच्या आतल्या आयांना तेवढी सूट होती.

या वर्गांच्या शिक्षकांची यावर तक्रार होती, पण ती कामाबद्दल नव्हती हं, हे आधी क्लियर करते. वर्गात येणारी बाईच सांगते ना, मला नोकरी पाहिजे म्हणून. त्यांना खुपायचं ते वेगळंच, की अपूर्णांक कसेबसे डोक्यात शिरलेत, आता टक्केवारी घ्यायची, आणि सोमवारी खुर्ची रिकामी, कारण केसवर्करने, म्हणजे मदतीच्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्याने, मोटेलच्या खोल्या साफ करायला पाठवलं. सप्टेंबर 1997 पासून तेव्हा किमान मजुरी होती तासाला 5.15 डॉलर, आठवड्याच्या 30 तासांचे झाले 154 डॉलर 50 सेंट, त्यातच भाडं, त्यातच पाळणाघर. ती नोकरी सुटली की बाई परत वर्गात, आणि मागचं निम्मं विसरलेली. वर हजेरीचे तास मदतीच्या ऑफिसला कळवायचे ते शिक्षकांनीच, मास्तर कमी आणि मुकादम जास्त.

सगळेच शिक्षक नाराज होते असं पण नाही. काहींचं म्हणणं, डेडलाइनमुळे टंगळमंगळ थांबली, पे स्लिप नि टाइमशीट वर्गात वाचायला घेतली तर लोक जीव लावून वाचतात. मला हे पटतं.

कायद्यावर खूश असलेले लोक आकडे दाखवायचे, मदत घेणारी कुटुंबं 44 लाखांवरून चार-पाच वर्षांत निम्म्यावर आली. पण तेव्हा तिकडे नोकऱ्याही भरपूर होत्या, आणि यादीतून नाव गेलं म्हणजे पगार वाढला असं थोडीच आहे?

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात मदत घेणाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात मात्र वेगळं सांगायचे, मिळेल ती नोकरी धरू नका, जरा बरा पगार बघा, गरज असेल तर आधी थोडं शिकून घ्या. अशा 11 कार्यक्रमांची तुलना झाली, त्यात पोर्टलंडचा निकाल सगळ्यात चांगल्यात. आणि फेब्रुवारी 2006 मध्ये कायदा बदलला तेव्हा काय वाढवलं माहितीये? तासांची तपासणी.

चला, गाणं लावते.