थंडीतलं आंबट: फिंगर लेक्सची वाइन आणि आपलं ताट

मंडळी, नमस्कार. मी मूळचा निफाड तालुक्यातला, थॉमसन द्राक्षांच्या मांडवाखाली वाढलेला. आता बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या फिंगर लेक्स भागात राहतो. तिथल्या वाइनबद्दल आणि तिच्याबरोबर काय खावं याबद्दल बोलायला तुम्ही बोलावलंत. पण सुरुवात वेलीपासून करतो, कारण समोर बसलेल्या निम्म्या हातांना छाटणीच्या कात्रीची सवय आहे.

आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, की ती पुन्हा फुटते. तिथं ऑक्टोबरात काढणी उरकते, मग पानगळ, आणि पुढं वसंतापर्यंत बागेत नुसत्या काड्या. पारा उणे 20 च्या खाली गेला की युरोपी जातींचे डोळे, म्हणजे काडीवरचे न फुटलेले कोंब, मरायला लागतात. एका जानेवारीत मी शेजारच्या बागायतदाराबरोबर बर्फातून बागेत गेलो. त्यानं काड्या कापून घरात आणल्या, टेबलावर मांडल्या आणि दाढीच्या पात्यानं एकेक डोळा आडवा चिरला. आत तीन ठिपके दिसतात, मधला मोठा आणि बाजूचे दोन लहान. हिरवा असला तर जिवंत, तपकिरी असला तर मेलेला. असे शंभर डोळे मोजायचे आणि मग छाटणीला किती राखायचे ते ठरवायचं. आपण काडी तपासायला देतो ती आत घड आहे का ते बघायला. तिथं आधी जीव आहे का ते बघतात.

तरीही तिथं द्राक्ष टिकतं ते तळ्यांमुळं. हिमनद्यांनी कोरलेली लांबट, बोटांसारखी अकरा तळी आहेत. त्यातलं सेनेका जवळपास 188 मीटर खोल, सहसा गोठतच नाही. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते हिवाळाभर काठाला देत राहतं. वसंतात उलट होतं. गार पाण्यामुळं डोळे उशिरा फुटतात आणि बरेचदा उशिराच्या दंवातून वाचतात. म्हणून बागा सगळ्या तळ्याच्या उतारावर.

तरीसुद्धा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं युरोपी द्राक्ष जगणार नाही, असंच सगळे मानत होते. काँकर्ड, कटॉबा अशा देशी जाती आणि काही संकरित जाती, एवढंच लावायचं. 1951 मध्ये कॉन्स्टँटिन फ्रँक नावाचे मूळचे युक्रेनचे द्राक्षतज्ज्ञ निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तिथल्याच जिनीव्हा गावातल्या संशोधन केंद्रात मजुरीची कामं करावी लागली. त्यांचं म्हणणं एकच होतं: खुंट बदला, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतो ते झाड बदला. थंडी सोसणाऱ्या, काडी लवकर पक्व करणाऱ्या खुंटावर कलम करा. फ्रान्समधल्या शँपेनहून आलेले वाइन बनवणारे चार्ल्स फोर्निए यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. 1962 मध्ये फ्रँक यांनी क्यूका तळ्याच्या काठी स्वतःची वायनरी काढली, ती आजही त्यांच्या घरच्यांकडे आहे. खुंटाचं मोल नाशिकला सांगायला नको. डॉगरिज खुंटानं आपल्याला पाण्याच्या ताणातून आणि खारट जमिनीतून तारलं, तसंच ते. आजही बरेच जण हिवाळ्याआधी वेलीच्या बुंध्याशी माती चढवून कलमाचा जोड झाकतात.

आता चवीकडे येतो. मणी रात्रीसुद्धा श्वास घेतो, आणि रात्र उष्ण असली की हिरव्या सफरचंदात असतं ते आम्ल त्या श्वासात खर्ची पडतं. थंड रात्रीत ते शिल्लक राहतं. म्हणून तिथल्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनमध्ये लिंबासारखी लख्ख आंबट धार असते. माझ्या लेखी थंड प्रदेशाची खरी कमाई तीच.

आणि आंबट हे आपल्या जेवणाचं हाड आहे. आमसूल, चिंच, ताक, कैरी. जेवणाहून वाइन कमी आंबट असली तर ती मचूळ लागते, हा नियम पक्का धरा. तिथले लोक रीसलिंग ट्राउट माशाबरोबर आणि बकरीच्या दुधाच्या चीजबरोबर घेतात, आणि ते चांगलंच जमतं. पण माझ्या घरी ती खरी खुलली ती कोळंबीच्या कालवणाबरोबर. बाटली अर्धगोड होती. किंचित साखर तिखटाला निववते, आंबटपणा आमसुलाशी जुळतो आणि नारळाच्या रसाचा तवंग जिभेवरून निघून जातो.

त्याआधी मी एक चूक बरीच वर्षं केली. मटण म्हटलं की जड, तुरट रेड वाइन उघडायची. तांबड्या रश्श्याबरोबर ती कडू लागली आणि तोंडाची आग वाढली. तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल, दोन्ही मिरचीला चढवतात. तिथली रेड म्हणजे मुख्यतः काबर्ने फ्रां या काळ्या द्राक्षाची, अंगानं हलकी. तिला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास असतो, आणि हे नुसतं उपमेपुरतं नाही: तो वास देणारं द्रव्य दोन्हींत एकच आहे. म्हणून ती पीठ पेरलेल्या ढोबळी मिरचीबरोबर द्या. भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबरही उत्तम.

आइसवाइन, म्हणजे गोठलेल्या द्राक्षांची गोड वाइन, तिच्याबद्दल थोडक्यात. कॅनडाच्या ओंटारिओत नियम असा, की उणे 8 अंश किंवा त्याखाली वेलीवरच गोठलेली द्राक्षं तोडायची आणि गोठलेलीच पिळायची. पाणी बर्फ होऊन मागं राहतं, गाळून येतो तो पाक. ही वाइन पुरणपोळीबरोबर देऊ नका, दोघींची गोडी एकमेकींवर बसते. खारवलेले बदाम किंवा खारट निळं चीज द्या.

विमानानं दोन लिटरपर्यंतच आणता येतं, म्हणून बाटल्या दोनच आहेत आणि आपण वीस जण. रीसलिंग दुपारपासून फ्रीजमध्ये होती, ती आता दहा मिनिटं बाहेर ठेवली आहे. फार गार असली तर वास मिटतो. ताटात थालीपीठ, लोणी, भरत आणि ढोबळी मिरची आहे. आधी नुसता घोट घ्या, मग घास, आणि तो तोंडात असतानाच दुसरा घोट. दोन्ही घोटांत फरक काय पडला, ते मला सांगा. चला, त्या कडेच्या टेबलापासून ओतायला घेतो.